सावली आणि सत्तावीस तुकडे

वाळूखाली कासवाची एकशे बारा अंडी आणि वर छत्री धरून मी! सावली धरायचं काम खरं तर आमच्या रखवालदार यंत्रमानवाचं, ठोंब्याचं. पण तो नुसता ओरडत उभा. सकाळी मी फक्त त्याचा भोंगा बदलला होता. मग सावली का बंद पडली?

"ओजस्वी, काय उद्योग केलास?" नंदाआत्या धावत आली. ठोंब्याची आज्ञावली (काय काय करायचं त्या सूचनांची यादी) तिनेच लिहिलेली.

"अंडी उकरायला येणारी कुत्री भोंग्याला भीत नव्हती. म्हणून तुझं ओरडणं भरलं. परवाचं, चाळीस मिनिटांचं."

आत्या ओशाळली. "अगं, सगळ्या सूचना एकाच रांगेत आहेत. आवाज संपल्याशिवाय ठोंब्या पुढे ऊन बघतच नाही. थांब, आवाज छोटा करते."

"आणि उद्या दुसरं काही बदललं की? परत अंडी भाजणार? नाही चालायचं!"

"मग घटक कर (आपापलं काम स्वतंत्र करणारे तुकडे). एक अडला तरी दुसरा थांबत नाही."

मी हट्टालाच पेटले. संध्याकाळपर्यंत आज्ञावलीचे सत्तावीस तुकडे पाडले. कुत्रं दिसलं का, किती लांब आहे, ओरडायचं का, सगळं वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रं आलं. एका तुकड्याने दुसऱ्याला निरोप दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला विचारलं. ठोंब्या ओरडेपर्यंत कुत्र्याने वीतभर वाळू उकरली होती! आत्याने चप्पल घेऊन त्याला हाकललं. मला रडूच फुटलं.

"तुकडे फुकट मिळत नाहीत गं," आत्या म्हणाली. "प्रत्येक निरोपाला वेळ लागतो, प्रत्येक जोड तपासावा लागतो. कुठे तोडल्याने फायदा जास्त, ते शोध."

मी डोळे पुसले आणि वाळूत रेघा ओढत बसले. कुत्रं बघणं आणि ओरडणं लागोपाठच होतं, ते एकत्र ठेवलं. ऊन काही कुत्र्याला विचारून पडत नाही, म्हणून सावली वेगळी. दिवसभरात काय घडलं ते टिपणारी नोंदवही तिसरी. बस्स, तीनच तुकडे.

मग मुद्दाम कुत्र्याचा तुकडा बंद केला. ठोंब्या मुका झाला, पण ऊन चढताच त्याने सावली धरली. तुकडा परत चालू केला, तर कुत्रं कुंपणाशी येताच पळालं.

दीड महिन्याने एकशे चार पिल्लं समुद्रात गेली. शेवटचं पाण्यात शिरलं तेव्हा आत्याने माझ्या हातात तिचा संगणक दिला.

"पलीकडच्या किनाऱ्यावरचा यंत्रमानव वेगळा आहे, पण सावलीचा तुकडा त्यालाही चालेल. जा, तूच बसव."

मी चपला घालायलाही थांबले नाही.