चौकोनी कल्ले

हार्लिंगेनच्या बंदरातला पूल वर गेला होता. खालून एक मासेमारीची बोट निघाली होती, आणि ती इतकी रमतगमत चालली होती, की तिच्यावरच्या माणसांना घरी जायची घाईच नसावी. अलीकडे सायकलींची रांग लागली. पाऊस म्हणावा असा तो पाऊस नव्हता. समुद्रावरून येणारं ओलं वारं होतं नुसतं. ते वरून पडत नाही, गालाला आडवं लागतं.

हिस्के एक पाय टेकवून सायकलीवर बसली होती. शेजारून आवाज आला —

"तुझ्या बाहीवर तीन चिमटे आहेत."

तिने पाहिलं. खरंच होते. सलूनमधून निघताना रोज राहायचे.

"माझं मांजर काढतं ते घरी गेल्यावर," ती म्हणाली.

"हुशार मांजर आहे."

"माझ्यापेक्षा नक्कीच."

तो हसला. अंगात फेरीबोटीवर काम करणाऱ्यांचं निळं जाकीट, हातांना दोरांनी पडलेले घट्टे, आणि पाठीवर कंबरेपर्यंत भिजलेली सोनेरी वेणी. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं — योरित. हिस्केने तो चेहरा ओळखला. शाळेत तो तिच्यापुढे दोन वर्ग होता. तेव्हा त्या चेहऱ्याचं नाव वेगळं होतं, मुलीचं. ते तिच्या जिभेपर्यंत आलं, आणि पट्टीकडे पाहून तिने ते गिळलं.

"योरित," ती म्हणाली.

त्याने एकदम तिच्याकडे पाहिलं... आणि हँडलवरची त्याची बोटं सैल झाली.

"सात महिने झाले," तो म्हणाला. "नाव बदललं, कागद बदलले. केस तेवढे राहिलेत."

"का?"

"बेप्पे." आमच्याकडे आजीला बेप्पे म्हणतात. "लहानपणापासून दर रविवारी तीच माझी वेणी घालते. अजूनही. तिला माझं काहीच माहीत नाही. आई म्हणते, म्हातारीला नको सांगूस, धक्का बसेल. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी तिचा ब्याऐंशीवा वाढदिवस आहे, हिस्के. मला त्या दिवशी तिच्यासमोर योरित म्हणून बसायचंय. एकदाच, पण नीट. वेणी घेऊन गेलो, तर ती फणी घेऊन येईल, मी परत पाठ करून बसेन... आणि पुन्हा वर्षभर काही बोलणार नाही."

"मग न्हाव्याकडे जा."

"गेलो होतो. दारातूनच म्हणाला, आम्ही बायकांचे केस कापत नाही."

पूल खाली आला. घंटा वाजली, मागचे लोक खाकरू लागले. हिस्केने पाय पॅडलवर ठेवला आणि काढला.

"सोमवारी माझं सलून बंद असतं," ती म्हणाली. "दहाला ये. मागच्या दाराने नको, पुढच्याच दाराने ये."

सोमवारी तो पावणेदहालाच आला. दाढी नव्हती, तरी गाल चोळत होता. हिस्केने त्याला खुर्चीत बसवलं, मानेभोवती कापड बांधलं आणि वेणी हातात घेतली. चांगली मनगटाएवढी जाड होती.

"वेणीचं काय करू?"

"विग करणाऱ्यांना पाठव. कुणाच्या तरी कामी येऊ दे."

"बघ हं. पुन्हा चिकटवता येत नाही मला."

"काप गं. हात थरथरतायत का तुझे?"

"माझे? खुर्ची कोण हलवतंय मग?"

कात्री जाड केसांवर तीनदा करकरली. वेणी तिच्या हातात आली, आणि योरितचं डोकं आपोआप पुढे झालं, जसं ओझं उतरल्यावर हमालाचं होतं. मग तो म्हणाला, "गार लागतंय मानेला." थोड्या वेळाने म्हणाला, "छान गार लागतंय."

तिने पाणी मारलं, कंगवा फिरवला. कापता कापता गप्पा सुरू झाल्या. तो सांगत होता, वादळात दोर कसा फेकायचा. ती सांगत होती, गावातली कोणती बाई आपले केस मुळापासून काळे आहेत म्हणून शपथ घेते. हिस्केच्या बोटाला त्याचा कान लागला की तो बोलताना मध्येच थांबायचा. ती ओळखायची, आणि मुद्दाम दुसऱ्या कानाकडे वळायची.

"तू सगळ्यांच्या कानाला एवढा वेळ लावतेस?"

"कान वाकडे असतील तर लावावा लागतो."

"वाकडे आहेत?"

"एक आहे. कुठला ते सांगणार नाही."

तासाभराने तिने कापड झटकलं आणि मागून हातातला आरसा धरला. योरितने समोर पाहिलं, मागचं पाहिलं. पुन्हा समोर पाहिलं.

"छान झालेत," तो म्हणाला.

हे 'छान' हिस्के अकरा वर्षं ऐकत आली होती. हे म्हणणारी गिऱ्हाइकं हसून निघतात, आणि कोपऱ्यावर वळताच टोपी घालतात. तो उठला, जाकीट घातलं. दाराच्या काचेत स्वतःकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

आता तिला दिसलं. अकरा वर्षं तिच्या हातांनी बायकांचेच केस कापले होते, आणि आज डोकं गप्पांत असताना हातांनी आपलं रोजचं काम केलं होतं. कानांपुढचे कल्ले निमुळते, टोकदार करून गालावर सोडले होते. मानेवर मऊ झुलपं ठेवली होती. कपाळावरची बट एका बाजूला वळवली होती. आरशात जी बसली होती, ती आखूड केसांची एक देखणी मुलगी होती.

"थांब!" ती म्हणाली. जरा मोठ्यानेच. "जाऊ नकोस. बस परत."

"असू दे गं. चांगलेच आहेत. माझाच चेहरा तसा आहे."

"तुझा चेहरा तसा नाहीये. मी कापलेत तसे. बायकांचे कापलेत. माझ्या हातांना दुसरं येतच नाही, आणि मी तुला एका शब्दाने विचारलं नाही. चूक माझी आहे. बस ना, योरित..."

तो दाराशी उभा राहिला. बाहेरून वारं काचेवर थापा मारत होतं. मग तो आला आणि खुर्चीत बसला. जाकीट तसंच अंगात.

"आता सांग," ती म्हणाली. "इथून सुरू करू. कल्ले कसे हवेत?"

"म्हणजे... कसे असतात?"

"टोकदार बायकांचे. पुरुषांचे सरळ कापलेले, चौकोनी. कुठपर्यंत ठेवायचे, ते तू बोट लावून दाखव."

त्याने कानाच्या मध्यावर बोट ठेवलं. ते बोट तिथे असतानाच तिने कंगवा टेकवला.

"आणि मान?"

"साफ. रेघ मारल्यासारखी."

"बट?"

"नको."

तिने बट कापली. मशीन मानेवरून खालून वर फिरवलं. झुलपं गेली आणि मानेचा रुंद, उन्हाने रापलेला भाग उघडा पडला. कल्ल्यांना तिने वेळ घेतला. डावा सरळ केला, उजवा सरळ केला, मग वाकून दोन्ही एका पातळीत आहेत का ते पाहिलं. तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर अगदी वीतभर अंतरावर होता. दोघांनी श्वास धरले.

"आहेत का एका पातळीत?" त्याने हळूच विचारलं.

"मी... अजून बघते आहे."

"बघ बघ. मला घाई नाही."

ती बाजूला झाली. योरितने आरशात पाहिलं. या वेळी तो 'छान' म्हणाला नाही. त्याने एक हात वर नेला, कल्ल्याच्या सरळ कडेवर अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग तळहाताने डोळे पुसले आणि नाक ओढलं.

"केस गेले डोळ्यांत," तो म्हणाला.

"जातात," हिस्के म्हणाली, आणि स्वतःचेही पुसले.

दार उघडताना तो वळला. "रविवारी येशील? एकट्याने बेप्पेच्या घराची घंटा वाजवायचं धाडस होणार नाही मला."

"येते," ती इतकी पटकन म्हणाली, की तिला स्वतःचीच लाज वाटली. "म्हणजे — काही बिघडलं तर दुरुस्त करायला कुणीतरी हवं ना."

रविवारी बेप्पेच्या बैठकीत खुर्च्या भिंतीला लावून गोल मांडल्या होत्या. नातलग मांडीवर बशा घेऊन बसले होते, बशीत गुलाबी साखरेच्या केकचा एकेक तुकडा. योरित दारातून आत आला, त्याच्यामागे हिस्के, आणि सगळ्यांचे चमचे थांबले. त्याच्या आईने बेप्पेच्या खुर्चीकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

बेप्पे मधल्या खुर्चीत होती. तिने चष्मा वर सरकवला.

"इकडे ये," ती म्हणाली. "वाक."

तो वाकला. म्हातारीने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि उलटा फिरवला, खालून वर.

"माझी वेणी कुठे आहे?"

"कापली, बेप्पे." तो तसाच वाकून म्हणाला, "बेप्पे, मी... माझं नाव योरित आहे आता. मी तुझी नात नाही. नातू आहे."

"ते तुझी आई माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून सहा महिने फोनवर कुजबुजते आहे. मी म्हातारी झाले, बहिरी नाही."

कुणीतरी हसू दाबलं. आईने डोळे मिटून घेतले.

"मग मला विचारलं का नाहीस?" योरित म्हणाला.

"मी का विचारू? तुझी गोष्ट, तू सांगायची. तू कधी तोंड उघडतोस, याची वाट बघत होते." हात अजून मानेवरच होता. "वेणीची मला सवय होती. वाईट वाटणार थोडे दिवस. वाटू दे. त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. बस आता, आणि त्या मुलीलाही खुर्ची आण. उभी ठेवलीस तिला."

योरितने खुर्ची आणली. हिस्के गोलात त्याच्या शेजारी बसली. कुणीतरी तिच्या हाती दिलेली केकची बशी तिने त्याच्या हातात दिली, धरायला काहीतरी असावं म्हणून.

एवढ्यात शेजारच्या ग्रीतबाई आल्या. आमच्याकडे वाढदिवसाला नुसतं ज्याचा वाढदिवस त्याचंच अभिनंदन करून भागत नाही. गोलातल्या प्रत्येकाचं करावं लागतं, नातं लावून. ग्रीतबाई शिस्तीच्या. त्यांनी बेप्पेचे मुके घेतले, मग एकेका खुर्चीपुढे थांबत, हात हातात घेत निघाल्या. "तुमच्या आईबद्दल अभिनंदन." "तुमच्या सासूबाईंबद्दल अभिनंदन." योरितपुढे त्या थबकल्या. कल्ले पाहिले. बेप्पेकडे पाहिलं.

"माझा नातू," बेप्पे खुर्चीतूनच म्हणाली. "योरित."

"तुझ्या बेप्पेबद्दल अभिनंदन, योरित," ग्रीतबाई म्हणाल्या, आणि त्याचा हात जरा जास्तच हलवला.

मग त्या हिस्केपुढे आल्या. हिस्के या घरची कुणीच नव्हती. ग्रीतबाई हात पुढे करून अडकल्या, पण मागे हटणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"आणि तुझं, बाई, कुणाबद्दल अभिनंदन करू मी?"

सगळी बैठक पुन्हा थांबली. हिस्केला सहज म्हणता आलं असतं, मी केस कापणारी, मी मैत्रीण, मी नुसती सोबत आले. तिने योरितकडे पाहिलं. तो बशीतल्या केककडे पाहत होता, आणि त्याने श्वास धरला होता.

"याच्याबद्दल," ती म्हणाली. "योरितबद्दल."

"असं होय!" ग्रीतबाईंनी तिचे दोन्ही गाल धरले आणि तीन मुके घेतले. "मग त्याच्याबद्दल अभिनंदन!"

योरितचे कान लालभडक झाले, वाकडा आणि सरळ, दोन्ही. आणि ते झाकायला आता केस नव्हते.