पुलावरचं पारितोषिक

मनिलाहून आलेली बस तायाबासच्या पुलापाशी वळली आणि लुनिंगच्या घशात शेंगदाणाच अडकला. पुलाच्या कठड्याला बांधलेल्या फलकावर तिचा चेहरा लटकत होता, चांगला दाराएवढा! शेजारी कपितान बेर्तिंगचा चेहरा तिच्या दुप्पट, कारण वस्तीच्या पुढाऱ्याने दुसऱ्याचं अभिनंदन करताना स्वतः लहान दिसून कसं चालेल? खाली ठळक इंग्रजीत लिहिलं होतं, की फिलिपिनो लघुकथेचं राष्ट्रीय पारितोषिक पटकावल्याबद्दल आपल्या लाडक्या लुनिंगचं अभिनंदन. कथा आपल्या भाषेतली असली तरी आनंद इंग्रजीतच शोभतो, अशी आमच्या गावाची समजूत आहे.

घोळ एवढाच होता, की लुनिंगने कथा स्पर्धेला फक्त पाठवली होती. निकाल लागायला अजून दोन-अडीच महिने होते.

ती पिशवीसकट तडक फलकवाल्याच्या दुकानात शिरली.

"हे कोणी केलं?"

"मी." संगणकापुढच्या तरुणाने वर पाहिलं आणि उभाच राहिला. "तुम्ही... फलकापेक्षा बुटक्या आहात."

"मला बक्षीस मिळालेलं नाही!"

"तुमच्या आई तर म्हणाल्या, मिळालं."

"नानायच्या लेखी मी पाठवली म्हणजे मिळालंच. ते आधी उतरवा."

"कपितानांचं तोंड कोण उतरवणार? निवडणूक आलीय. त्यांच्या फलकाच्या खांबाला कोणी शेळी बांधली, तरी त्याला महिनाभर दाखला मिळत नाही." तो डोकं खाजवत म्हणाला, "पण तुमच्यासाठी भांडलोय मी. गालावरचा तीळ पुसून टाक म्हणत होते. मी म्हटलं, तीळ राहील, नाहीतर फलक होणार नाही."

लुनिंगचा हात नकळत गालाकडे गेला. "एवढं काय आहे त्या तिळात?"

"दोन दिवस समोर होता ना... सवय झाली."

भांडण तिथेच राहिलं. त्याचं नाव तेवढं विचारून, 'देल्फिन' हे उत्तर घेऊन ती बाहेर पडली आणि वाटेत स्वतःवरच चिडली.

रविवारी लुनिंगच्या अंगणात बक्षिसाच्या आनंदात अख्खं डुक्कर भाजलं जात होतं. लुसेनाहून मावश्या आल्या होत्या. नवा झगा घातलेली नानाय येईल त्याला मिठी मारून रडत होती. आज गप्प बसलं, तर निकालाच्या दिवशी आपल्याबरोबर आईचीही शोभा होणार, हे लुनिंगला दिसत होतं. ती खुर्चीवर चढली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

नानाय मटकन खाली बसली. "म्हणजे... खोटं?"

"खोटं नाही, नानाय. घाई."

कपितान लालबुंद झाले. "आणि तो छापणारा? त्याला तरी कळायला नको?"

"मला माहीत होतं." हातात ताटली घेऊन देल्फिन पुढे आला. "निकाल लागलेला नाही हे पक्कं ठाऊक होतं. मीही कथा पाठवलीय, त्याच स्पर्धेत."

"ठाऊक होतं?" लुनिंग खुर्चीवरूनच कडाडली. "मग छापलास कशाला?"

"तू भांडायला येशील म्हणून." तो कानापर्यंत लाल झाला. "आणि... आलीस."

मावश्यांनी तोंडाला पदर नाही, पण पंखे तरी लावले. सगळ्यात आधी हसू फुटलं ते नानायला. "डुक्कर भाजून झालंय, ते काही आता उठून पळायचं नाही. जेवा रे सगळे!"

जेवणानंतर देल्फिनने तिला कुंपणापाशी गाठलं. "मला तू आवडतेस, लुनिंग."

"निकाल लागेपर्यंत विचारू नकोस."

"का?"

"एकाच बक्षिसामागे आहोत आपण. तू जिंकलास आणि मला तुझा रागच आला तर? माझा मलाच भरवसा नाही."

तो थांबला. म्हणजे, थांबला कसला! मुलीला मागणी घालणाऱ्याने तिच्या घरी राबावं, या इथल्या रीतीप्रमाणे रोज येऊन नानायचं पाणी भरू लागला, लाकडं फोडू लागला, छपराचे पत्रे ठोकू लागला. मध्येच एकमेकांच्या कथांवर दोघांची कडाक्याची भांडणं होत. एखाद्या दिवशी तो आला नाही, की लुनिंगला जेवण जात नसे. ती त्याच्या प्रेमात पडली होती, पण निकाल बाकी होता.

आणि मनिलाहून फोन आला. देल्फिनला दुसरं पारितोषिक. लुनिंगला काही नाही.

संध्याकाळी तो कुंपणापाशी आला, तो घरात कोणी वारल्यासारखा चेहरा करून. लुनिंग सकाळपासून रडली होती, नाक लाल झालं होतं.

"मी त्यांना कळवतो," तो म्हणाला. "बक्षीस नको म्हणून."

लुनिंगने मनात राग शोधला. आपल्या कथेसाठी जीव तुटत होता, खूप तुटत होता. पण याच्याकडे बघून... छे! उलट मघापासून शेजारणींना हाका मारून सांगावंसं वाटत होतं.

"बक्षीस नको म्हणालास, तर मी तुलाच नको म्हणेन."

देल्फिनला ते उमगायला जरा वेळ लागला. "आणि... घेतलं तर?"

"तर समारंभात तुझ्या शेजारी मी बसणार. टाळ्या वाजवणार. आणि थोडी रडणार. चालेल?"

"माझ्या खांद्यावर?"

"मग काय परीक्षकांच्या?"

आणि त्यासाठी समारंभापर्यंत कशाला थांबायचं, म्हणून तिने कुंपणावरूनच डोकं टेकवलं.