पिलाजीरावांचा सबसिडीचा पंप

पंप सापडला, फिटर जयसिंग सुटला आणि सुनीतीला ऑफिसातल्या साहेबांनी शाबासकी काही दिली नाही. पण समजा, हे तुम्ही ऐकलेलंच नाही. पंप अजून गायब आहे.

कोयलीच्या रिफायनरीची धुराडी दिसतात त्या मळ्यात सुनीती जानेवारीत तिसऱ्यांदा आली. शेतीखात्यात तिचं काम एवढंच, की सबसिडीवर घेतलेला पंप स्वतःच्या डोळ्यांनी चालताना बघायचा आणि सही करायची. सही होईपर्यंत शेतकऱ्याला पैसे नाहीत; पंप दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा यायचं. पहिल्या खेपेला फ्यूज उडाला होता. दुसऱ्या खेपेला लाइट नव्हती. आज पंपच नव्हता.

मळ्याचे मालक पिलाजीरावांनी चोरीचं ऑफिसला फोनवर कळवलं, ऑफिसने पोलिसांना. पंप बसवला होता जयसिंगने, म्हणून जमादाराने त्यालाच धरून आणलं होतं.

"बेसो ने, सुनीतीबेन," पिलाजीराव म्हणाले. बायको गेल्यापासून ते मळ्यावर एकटेच होते. ओसरीवर गोधडी टाकलेल्या खोक्यावर तिला बसवून त्यांनी चहा ओतला. कपबशा आधीच मांडलेल्या होत्या.

थंडीत ती बैठक छान ऊबदार लागली.

"पंप शेवटचा कधी चालवलात, काका?"

"काल सांजे."

"आज?"

"चोरीला गेलेला पंप कसा चालवू?"

"आ जयसिंगनुंच काम छे," जमादार म्हणाला. "पाना याच्याकडे. संध्याकाळी आत टाकतो."

"पाने गावात ढीगभर आहेत, साहेब," जयसिंग वैतागला. "अन् पंप चोरून मी काय, ताक घुसळू?"

पिलाजीराव त्याच्याकडे बघत नव्हते.

सुनीती उठून विहिरीपाशी गेली. ओटा रिकामा. पंपाचे बोल्ट एका वाटीत, वर झाकण. पलीकडे वांग्यांचे वाफे ओलेचिंब. ती परत आली, पण बसली नाही.

"वाफे ओले आहेत, म्हणजे पंप सकाळी चालला. चोर बोल्ट वाटीत झाकून ठेवत नाही. पुन्हा बसवणारा ठेवतो. आणि काका, ओसरीची फरशी बर्फासारखी आहे. मग हा खोकाच तेवढा गरम कसा?"

तिने गोधडी ओढली, खोका उचलला. खाली पंप.

जमादाराने टोपी काढून डोकं खाजवलं. "स्वतःच्याच पंपाची चोरी... यात कलम कयुं लावू?"

"पैसे तुमचेच अडकले होते, काका," सुनीती म्हणाली. "म्हणून तुमच्यावर संशय कुणी घेतला नाही. का केलंत?"

"पंप चालला असता, तर तुम्ही सही करून गेला असता."

"मग?"

"मग कोण येणार होतं?" ते जयसिंगकडे वळले. "पोलीस तुला धरतील हे मात्र सुचलं नाही रे. माफ कर."

"मला सांगायचंत ना, काका! दर आठवड्याला बिघडवून दिला असता."

शहरात, मांजलपूरच्या सुनीतीच्या फ्लॅटची बेल वाजायची ती फक्त समोरच्यांचं पार्सल आलं की. तिने कपात उरलेला चहा संपवला.

जयसिंगने पंप बसवला. पाणी धो धो आलं. नियम म्हणजे नियम. तिने सही केली आणि खाली लिहिलं:

"पंप चालू स्थितीत आढळला. तथापि तो पुढेही चालूच राहील, याची खात्री देता येत नाही. सबब सदर पंपाची तपासणी अर्जदार हयात असेपर्यंत दर गुरुवारी चहाच्या वेळेस करण्यास मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती."