शिवणबाईंना पेशी बघायच्या होत्या

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि तिने मला ते एकदाच सांगितलंय. पुन्हा विचारलं की ती विषय बदलते.

लहानपणी लाइट गेले की आम्ही बाकीचे आईला बिलगायचो. ताई एकटी आतल्या खोलीत जाऊन मेणबत्ती शोधून आणायची. ती तशीच आहे. म्हणून मला भीती वाटते.

आणि हो, रात्र वगैरे काही नव्हती.

रविवार होता. दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं. बाहेर लख्ख ऊन.

ताई कर्करोगावर संशोधन करते. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर तिची लॅब आहे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा छोटासा तुकडा तिच्याकडे येतो. त्यातल्या पेशी ती काचेच्या डिशमध्ये वाढवते.

तिचं म्हणणं असं, की गाठ कधी एकटी नसते. तिच्याभोवती एक अख्खी वस्ती असते. धागे विणणाऱ्या पेशी, रक्तवाहिन्या, शिवाय पहाऱ्यावरच्या पेशी. गाठ या शेजाऱ्यांना हळूहळू फितवते. मग तेच तिला खाऊपिऊ घालतात, पहारेकरी डोळे मिटून बसतात. नुसत्या गाठीच्या पेशी डिशमध्ये ठेवल्या, तर चार दिवसांत माना टाकतात. शेजारी सोबत दिले, की तरारून उठतात.

हे शेजारी फोडायचे कसे, हेच ताईचं काम.

तुकडा घेण्याआधी पेशंटची सही लागते. ती आणायला ताई स्वतः वॉर्डात जायची. तिथेच तिला शिवणबाई भेटल्या.

साठीला टेकलेल्या बाई. उभा जन्म शिवणकामात गेलेला. परवा ऑपरेशन, आणि बाई पलंगावर बसून शेजारणीच्या गाऊनला बटण लावत होत्या. जाड भिंगांचा चष्मा कपाळावर सरकवलेला. सुई नाकाला लागेल इतकी जवळ.

ताईने सगळं समजावून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

"म्हणजे तुमच्याकडे त्या जिवंत राहणार?"

"हो, मावशी."

"मी गेले तरी?"

ताईने सहीचा कागद मागे ओढला.

"अगं, घाबरतेस कशाला? सही करतेय मी. पण एक कर. मला एकदा दाखव त्या. इतके महिने पोटात घेऊन हिंडतेय, निदान तोंड तर बघू दे मेलीचं!"

दोघी खळखळून हसल्या.

"नक्की दाखवते," ताई म्हणाली.

ऑपरेशननंतर बाई तपासणीला यायच्या. काम झालं की मागच्या इमारतीत येऊन खाली वॉचमनला सांगायच्या, ताईंना बोलवा. पहिल्यांदा डिशमधल्या त्यांच्या पेशी मेलेल्या होत्या. दुसऱ्यांदा बाहेरच्या माणसाला लॅबमध्ये आणायची परवानगी नव्हती. तिसऱ्यांदा...

तिसऱ्यांदा परवानगी होती. ताईच कामात होती. तिने फोनवर सांगितलं, "पुढच्या वेळी म्हणावं, नक्की."

पुढची वेळ आलीच नाही.

शिवणबाई गेल्याचं वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलं. ताईला चुटपुट लागली. पण लॅबमध्ये शेकडो पेशंटचे नमुने. कुणाकुणाचं मनाला लावून घेणार?

महिनाभराने तिने नवा प्रयोग लावला. फ्रीझरमधून एक नमुना काढला. या वेळी त्याच गाठीच्या शेजारच्या पेशीही सोबत ठेवल्या. तिसऱ्याच दिवशी डिश भरून आली. मायक्रोस्कोपखाली उबदार पेटीत डिश ठेवायची, आणि कॅमेरा दर दहा मिनिटांनी फोटो काढणार. पाच दिवस, रात्रंदिवस.

पहिल्या दिवसाचे फोटो बघताना तिला दोन फोटो धूसर दिसले.

तीन चाळीस. आणि तीन पन्नास.

चारचा फोटो पुन्हा स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी... तेच.

तिसऱ्या दिवशी... तेच.

तिने मशीनवाल्याला बोलावलं. त्याने सगळं खोलून बघितलं. "मशीन एकदम ओके आहे, मॅडम. कुणीतरी फोकसचं चाक फिरवतंय."

"कोण फिरवणार? दाराला कोड आहे."

दाराची नोंद काढली. त्या वेळी कुणीच आत गेलं नव्हतं.

लॅबच्या सरांना सांगितलं, तर ते हसले. "दुपारी आपल्याला डुलकी लागते, तशी पेशींना लागत असेल."

चौथ्या दिवशी ताई आणि तिच्याच टेबलवर काम करणारा मित्र, दोघे चारच्या आधी आत पळाले. आत कुणी नव्हतं. पण फोकस फिरलेला होता. ताईने डोळा लावला. सगळं धुरकट. मित्राने आपला सोडावॉटरच्या बाटलीसारखा चष्मा काढला, आणि डोळा लावला.

"मला तर स्वच्छ दिसतंय की!"

"काय?"

"अगं, चष्म्याशिवाय. एकदम रेखीव. माझ्याइतकी नजर अधू असलेल्या कुणीतरी चष्मा काढून लावलाय हा फोकस."

ताई डिशवर वाकली. तिने डिशवरचा नंबर पाहिला. मग वहीत तो नंबर शोधला. फ्रीझरमधून नमुना काढताना तिने फक्त नंबर वाचला होता, कुणाचा ते पाहिलंच नव्हतं.

नमुना शिवणबाईंचा होता.

तिने मित्राला काही सांगितलं नाही. दुसरा दिवस रविवार. प्रयोगाचा शेवटचा. ती एकटी गेली.

मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. मायक्रोस्कोपची खोली म्हणजे जेमतेम कोठी. एक टेबल, एक गोल फिरती खुर्ची, भिंतीला कॉम्प्युटर. ताई कोपऱ्यात उभी राहिली. पेटीचा बारीक गुंऽऽ आवाज. पडद्यावर पेशी शांत पसरलेल्या.

तीन पस्तीस...

तीन अडतीस...

बाहेर दाराच्या कोडची बटणं वाजली.

टिक... टिक... टिक... टिक.

दार उघडलं नाही.

पेटीचा आवाज थांबला. बंद नव्हती पडली. दिवा चालू होता, आकडे दिसत होते. फक्त आवाज नव्हता. ताईला स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

मग...

फुस्स.

रिकामी खुर्ची हळूहळू खाली गेली. कुणी बेतानं बसावं, तशी.

ताई हललीच नाही.  फोकसचं चाक आपोआप फिरलं. पडद्यावरचं चित्र धूसर झालं. मायक्रोस्कोपच्या दोन्ही भिंगांखालच्या काळ्या पट्टीवर वाफ धरली...

विरली.

पुन्हा धरली.

कुणीतरी श्वास घेत होतं.

"मावशी?" ताईच्या तोंडून कसाबसा शब्द निघाला.

उत्तर नाही.

डिश सरकवायची खालची मूठ फिरू लागली. चित्र हळूहळू डावीकडे सरकलं. मग वर. कापडावर टाका शोधत जावं, तसं. ताईने कधी बघितला नव्हता अशा डिशच्या अगदी कडेच्या कोपऱ्यात ते थांबलं.

धुरकट पडद्यावरही ताईला कळलं. तीन गोल पेशी एकमेकींना चिकटून होत्या. मधली कंबरेत आवळत होती. एकीच्या दोन होत होत्या.

"हं..."

अगदी जवळून आला तो आवाज. सुईत दोरा गेल्यावर निघतो, तेवढाच.

फुस्स. खुर्ची वर आली.

पेटीचा गुंऽऽ पुन्हा सुरू झाला. घड्याळात तीन बावन्न झाले होते.

ताई जिन्यावर बसून रडली. भीतीने, की कशाने, ते तिलाही सांगता आलं नाही. सोमवारी सकाळी प्रयोग संपला. ठरल्याप्रमाणे तिने डिशमध्ये औषध ओतून पेशी मारल्या.  त्यानंतर एकही फोटो धूसर आला नाही.

ताईने मनाची समजूत घातली. बाईंना बघायचं होतं, त्यांनी बघितलं. सुटल्या.

गोष्ट इथे संपली असती, तर मी लिहायला बसलो नसतो.

दोन महिन्यांनी वॉचमनचा फोन आला. खाली एक बाई भेटायला आल्यात. शिवणबाईंची मुलगी. हॉस्पिटलचे कागद न्यायला आली होती. ताईला बघून तिने हातच धरला.

"मॅडम, तुमचे आभार मानायचे राहिले होते. आईची तेवढी एक इच्छा होती. तुम्ही पूर्ण केलीत."

"कुठली?"

"पेशी दाखवल्यात ना तिला."

ताईने हात सोडवून घेतला.

"शेवटच्या दोन दिवसांत आई सारखी तेच सांगत होती. आता गुंगीतली माणसं काहीबाही बोलतात, ते वेगळं. पण किती बारकाईने सांगायची! तीन गोल गोल होत्या म्हणे, चिकटून बसलेल्या. मधलीला कंबरेत चुण्या घातल्यासारख्या होत्या. मी म्हटलं, आई, तू पेशी बघितल्यास की झबलं?"

मुलगी हसली, डोळे पुसले.

ताईने विचारलं, "हे त्या कधी म्हणाल्या?"

"जायच्या आदल्या दिवशी."

ताईने मनात हिशोब केला. बाई गेल्या, तेव्हा त्या डिशमधल्या पेशी फ्रीझरमध्ये गोठलेल्या होत्या. डिश लावलीच नव्हती. त्या तीन पेशी जगात नव्हत्या.

"आणखी काही म्हणाल्या?"

"म्हणाली, पोर कोपऱ्यात उभी होती. फार घाबरली होती बिचारी. तिने हाक मारली, पण मी ओ दिली नाही, उगाच आणखी घाबरेल म्हणून."

खालच्या दारात ऊन होतं. माणसांची ये-जा होती. तरी ताईच्या अंगावर सरसरून काटा आला.

मुलगी निघाली. दोन पायऱ्या उतरली, आणि थांबली.

"एक मात्र मला कळलं नाही, मॅडम. त्या दिवशी तुमच्याकडे खूप पेशंट बघायला आले होते का?"

"का?"

"आई म्हणत होती, मी लवकर उठले. किती वेळ बसणार? त्या पोरीच्या पाठीमागे सगळे रांगेत उभे होते. पार जिन्यापर्यंत."

ताई कोपऱ्यात उभी होती. तिच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, भिंत होती.

ती अजून तिथेच नोकरी करते. फ्रीझरमध्ये आता सातशेच्या वर नमुने आहेत. सहीला आता ती दुसऱ्या कुणाला तरी पाठवते. मी एकदा म्हटलं, ताई, सोड ना ते काम. तर म्हणाली, "सोडून जाऊ कुठे? त्यांना मी माहितेय."