मागचा घाट

दिवा जरा बारीक करा पोरांनो. हे माझ्या मेहुण्याच्या, बाइसाच्या लॉजवर घडलं. गेल्या ऑगस्टची तेवीस तारीख, शनिवार, अमावास्या. त्याला विचारू नका, तो उठून जाईल.

त्या संध्याकाळी बाइसा पाहुण्यांना उतरवून घ्यायला घाटावर गेला. होडीत चार गोरे होते आणि बाल्टिमोरचं एक काळं जोडपं, ओडेसा आणि सेड्रिक. गुलामीच्या मळ्यांतून पळून जंगलात मोकळे राहिलेल्या आमच्या काळ्या पूर्वजांच्या गोष्टी ओडेसाला लहानपणापासून ठाऊक. लग्नाच्या वाढदिवसाला तिनं दागिना मागितला नाही, ही नदी मागितली. एकदा तरी कुणी संशयानं न्याहाळणार नाही अशा जागी जायचं, एवढीच बाईची हौस.

आपल्या घाटावर झावळ्यांची झालर कशासाठी असते, तुम्हाला माहीत आहे. नदीतून मागं लागलेलं तिच्याखालून आत येत नाही. नवख्याला यजमानानंच तिच्याखालून न्यायचं असतं. बाइसानं गोऱ्यांना हाताला धरून नेलं. मग बॅगा घेतलेली ही दोघं दिसली, ती त्याला लॉजवरचे हमाल वाटली, तर लांबूनच ओरडला, "ए, सामान मागच्या घाटानं आणा! स्वयंपाकघराकडून!"

मागच्या घाटाला झालर नव्हती.

ती दोघं तिकडूनच वर आली, तेव्हा त्यांच्या हातातली खोलीची चिठ्ठी बघून त्यानं कपाळावर हात मारला. "माफ करा हो वहिनी! मला वाटलं, आपलीच माणसं!"

"आपल्या माणसांना मागचं दार?" ओडेसा म्हणाली. "आणि त्या झालरीखालून आम्हाला का नाही नेलं?"

"तुम्हाला कशाला? तुम्ही घरचेच की!" मासळी गार होत होती, त्याला परत फिरायचा कंटाळा आला. बस, एवढंच.

ओडेसाला जेवण गेलं नाही. "गोऱ्यांनी केलं असतं तर सवय आहे रे," ती नवऱ्याला म्हणाली. "इथं पण?"

मध्यरात्री त्यांच्या खोलीचं मागचं दार वाजलं.

"उघडा... आपलीच माणसं..." बाइसाचाच आवाज.

"माफी मागायला आला असेल," सेड्रिक म्हणाला. खाटेवर बसून त्यानं बुटाच्या नाड्या बांधल्या.

"नको उघडू."

"किती राग धरायचा गं?"

त्यानं दार उघडलं. अंधार. चिखलाचा वास. तो पायरी उतरला.

"बाइसा?..."

मग काही नाही. बेडूकसुद्धा गप्प.

"सेड्रिक?..."

ओडेसा बॅटरी घेऊन धावली, ती थेट बाइसाच्या झोपडीत. तो टांगलेल्या झोळीत घोरत होता. तिनं हलवून उठवलं.

"मी?" तो म्हणाला. "मी तर... जेवल्यापासून..." आणि मग त्याला झालर आठवली.

सगळी नदी पालथी घातली. सेड्रिक सापडला नाही. जाताना ओडेसा रडली नाही. होडीत बसण्याआधी बाइसासमोर उभी राहिली. "परक्यांना हात धरून आत नेलंस," ती म्हणाली. "आम्हाला आपलं म्हणालास आणि उघड्यावर सोडलंस."

आता बाइसानं मागच्या घाटालाही झालर लावली आहे. रोज रात्री ती नीट खाली सोडून झोपतो. रोज सकाळी ती मधोमध दुभंगून दोन्ही खांबांना बांधलेली असते, पाहुण्याला वाट करून द्यावी तशी. मी स्वतः जाऊन पाहिली. आपल्यात झावळ अशी कुणी बांधत नाही. दोन फासांची गाठ, बुटाच्या नाडीची.

आणि ती लॉजकडच्या, आतल्या बाजूनं मारलेली असते.