तंबूची खरखरीत बाजू

ही गोष्ट घडलेली आहे. कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही, माझ्या सख्ख्या मावशीची. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. मीही आधी हसलेच होते.

मागच्या नोव्हेंबरमधली संध्याकाळ. जागा हॅरोशिल, इंग्लंडच्या उत्तर टोकाला, रोमनांनी बांधलेल्या जुन्या भिंतीला लागून असलेलं आमचं माळरान. दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधार पडतो. सगळ्यात जवळचा शेजार म्हणजे मेंढ्या. आणि हाक मारली तर मेंढ्या धावून येत नाहीत.

थियामावशी तिथल्या उत्खननावर चामडं सांभाळते. रोमन सैनिकांचे तंबू बकरीच्या कातड्याचे असायचे. आमच्याकडच्या काळ्या, पाणथळ चिखलात ते दोन हजार वर्षं सडलेच नाहीत. एरवी सापडतात ते तुकडे. पण त्या उन्हाळ्यात एक अख्खा तंबू निघाला. घडी घालून, नीट पुरलेला. शिवणीचा दोरा तेवढा कुजलेला, म्हणून तुकडे सुटे झालेले.

कुणी पुरला, का पुरला… काही कळलं नाही.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. कातड्याला दोन बाजू असतात. केसांची बाजू गुळगुळीत, तिच्यावर केसांची बारीक बारीक छिद्रं. मांसाची बाजू खरखरीत. तंबू शिवताना गुळगुळीत बाजू बाहेर, पावसाकडे. मावशीच्या साहेब ग्लेनिसबाई नव्या पोरांना पहिल्याच दिवशी घोकायला लावतात, "खरखरीत दिसलं की तुम्ही तंबूच्या आत. गुळगुळीत दिसलं की बाहेर."

मावशी हे झोपेतही म्हणून दाखवेल. तरी त्या दिवशी चुकली.

दुसऱ्या दिवशी फोटो काढायला माणसं येणार होती. म्हणून ती उत्खननाच्या शेडमधल्या मोठ्या हॉलमध्ये जमिनीवर तंबू जुळवत बसली होती. हे लोक प्रत्येक तुकडा गुळगुळीत बाजू वर ठेवून आधी पारदर्शक प्लॅस्टिकवर गिरवून घेतात, टाक्यांच्या भोकांसकट. ते नकाशे जमिनीवर पसरायचे आणि त्यावर तुकडे बरोब्बर बसवायचे. मावशीने घाईत सगळे नकाशे पालथे पसरले. पारदर्शकच ते, दोन्हीकडून सारखे दिसतात. ओलं चामडंही सगळं काळंकुट्ट. आणि तुकडे असे पटापट जुळत गेले, की तिला आनंदाने काही सुचेना.

ग्लेनिसबाई केव्हाच घरी गेल्या होत्या. मावशीची गाडी बिघडली होती, म्हणून तिला न्यायला माझे आजोबा आले. आर्ची आजोबा. जन्मभर मेंढ्या राखल्या त्यांनी. कशाला म्हणून घाबरत नाहीत.

"झालं का गं तुझं पांघरूण शिवून?" दारातूनच ओरडले. हातात हॅम भरलेला पाव.

"बाबा, खाणं बाहेर! एक कण जरी सांडला ना…"

"दोन हजार वर्षं चिखलात लोळलं ते, आणि माझ्या पावाने बाटणार होय? इकडे माझ्या मोज्याला भोक पडलंय, ते नाही दिसत बाईसाहेबांना."

"मोजे जुने झाले की आणा, मग बघते. अजून दोन हजार वर्षं घाला."

आजोबा खदखदून हसले. मावशी पण. हसत हसतच तिने शेवटचा तुकडा जागेवर ठेवला. दाराचा पडदा.

टप.

टप… टप टप…

पाऊस.

शेडला पत्रा आहे. पत्र्यावरचा पाऊस ताशासारखा वाजतो. हा तसा नव्हता. हा दबका होता… जवळ होता. डोक्यावर अगदी हातभर उंचीवर कुणी कातडं ताणून धरावं आणि त्यावर पडावा, तसा.

"आला वाटतं मेला," आजोबा म्हणाले. "गाडीची काच उघडी राहिलीय!" आणि गेले बाहेर.

मावशीने हात पुसले. खिडकीशी गेली.

बाहेर चांदणं होतं.

आभाळ लख्ख. वाट कोरडी. गाडी उभी होती, काच उघडीच होती… आणि आजोबा कुठेच नव्हते.

डोक्यावर पाऊस वाजतच होता.

मग वास आला. ओल्या बकरीचा, ओल्या लोकरीचा, धुराचा. खूप माणसं एका जागी दाटीवाटीने झोपली की येतो, तसा.

मग पावलं… खिळे ठोकलेल्या जड बुटांची. एकाची नव्हेत. शेडच्या भिंतीबाहेरून सावकाश फिरत होती. चाचपडत. जशी आंधळी माणसं दार शोधतात.

दारापाशी येऊन थांबली.

"थिया…" आजोबांचा आवाज. "दार उघड गं. भिजलो."

"उघडंच आहे ना, बाबा. ढकला."

दार हललं नाही.

"आतूनच उघडावं लागतं गं. आम्ही सगळे भिजलोय."

आम्ही सगळे?

मावशी मागे सरली. तिने खाली पाहिलं. आणि तेव्हा तिला दिसलं.

खरखरीत.

हा तुकडा खरखरीत. तो खरखरीत. सगळाच्या सगळा तंबू, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खरखरीत बाजू वर करून पडला होता. छिद्रांची बाजू खाली.

म्हणजे ती तंबूच्या आत होती. आणि ज्यांचा तंबू होता ते बाहेर. पावसात.

आणि आजोबा त्यांच्यात.

असं चामडं कधी नुसत्या हाताने उचलत नाहीत. खाली फळी सरकवतात, श्वाससुद्धा जपून घेतात. मावशी गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी तुकडे उलटे करत सुटली. एक उलटला, पाऊस जरासा कमी झाला. दुसरा उलटला, आणखी कमी. तिच्या जिवात जीव आला.

"थिया…"

आवाज लांब गेला होता.

तिने आणखी एक उलटला.

"पोरी… अगं…"

आता तो माळाच्या पलीकडून येत होता. वाऱ्यावर हाक विरते ना, तसा.

तिचे हात थबकले. प्रत्येक तुकड्याबरोबर पाऊस जात होता. आणि पावसाबरोबर आजोबाही.

पण थांबावं तर बाहेर ते उभे. भिजलेले.

ती रडत होती, असं सांगताना ती अजूनही खाली बघते. रडत रडत तिने सगळे उलटले. फक्त दाराचा पडदा तेवढा ठेवला, आजोबांना यायला वाट राहावी म्हणून. हाक आता कानावर येत नव्हती, नुसती भास झाल्यासारखी होती. मावशी उठली, धावली, आणि तिने शेडचं दार आतून उघडलं.

आजोबा समोर उभे होते.

नखशिखान्त भिजलेले. टोपीतून पाणी गळत होतं. पायाखालची वाट कोरडी ठणठणीत.

"बाबा! या, या आत, लवकर!"

आजोबा आत आले. पण त्यांनी दार सोडलं नाही. बाजूला सरकून, हाताने दार धरून उभे राहिले. म्हाताऱ्या माणसांसाठी धरतो ना आपण, तसे.

"बाबा, दार लावा!"

"थांब गं. मागून येतायत ना ते."

मावशीने मागे पाहिलं नाही. ती धावत गेली, पडदा धरला आणि उलटला. तो तिच्या हातात टरकन फाटला.

पाऊस थांबला.

तिच्या पाठीमागे आजोबांनी दार हळूच लोटलं.

"झालं," ते म्हणाले. "आले सगळे."

आजोबांना यातलं काही आठवत नाही. "काच लावायला गेलो, आलो परत. एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ!" म्हणतात. काच तर उघडीच होती. फाटलेल्या पडद्यावरून मावशीला ग्लेनिसबाईंची खूप बोलणी बसली. तिने खाली मान घालून ऐकून घेतली. काय सांगणार होती?

आजोबा आता आमच्याकडेच राहतात. तब्येत ठणठणीत. फक्त झोपायची पद्धत बदललीय. एवढा मोठा पलंग, पण ते एका कडेला, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपतात. जेमतेम वीतभर जागेत.

मागच्या रविवारी दुपारी मावशी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली. खिडकीतून ऊन आलं होतं. आजोबा गाढ झोपेत होते, पार काठावर आलेले.

झोपेतच पुटपुटले.

"सरका की रे जरा… पडेन मी."

पलंग करकरला. आजोबा हललेसुद्धा नव्हते.

त्यांच्या पाठीमागची, पलीकडची चादर… हळूहळू, एकेक वळी पाडत, भिंतीकडे सरकली.

आणि आजोबा सुस्कारा टाकून उताणे झाले. त्यांना जागा झाली होती.