अन्वरची जागा

उदय मगदूमचं पत्र आलं तेव्हा साखर कारखान्यांची धुराडी नुकतीच पेटली होती. आता गळीत हंगाम संपला, उसाच्या गाड्या रस्त्यावर दिसेनाशा झाल्या, तरी शिरीष वैशंपायनांकडून त्या पत्राला उत्तर गेलेलं नव्हतं. पत्र काही सातासमुद्रापलीकडून आलं नव्हतं, जयसिंगपूरहून आलं होतं. सांगलीत एसटीत बसावं, शेजारच्याला ‘कुठं निघालात?’ विचारावं आणि त्याचं उत्तर पुरं होईतो उतरायची तयारी करावी, एवढंच ते अंतर. पण शिरीषराव गेलेही नाहीत. जन्मभर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या आडोशाने वावरलेला हा माणूस. कुणाच्या दारात उभं राहून बेल वाजवायची म्हटली तरी त्यांना आधी मनात वाक्य जुळवून घ्यावं लागे.

पत्र हाताने लिहिलेलं होतं आणि त्याचं कारण उदयने पहिल्याच ओळीत दिलं होतं. ‘फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू गप्प बसलास तर यंत्र ती जागा भरून टाकेल. तू गप्प बसलास, तर ते मला कळायला हवं.’

यात अतिशयोक्ती नव्हती. सांधणी आता घरोघरी पोचली होती. आवाजात कुठे खंड पडला, खरखर आली, शब्द गळाला, की मागचा-पुढचा आवाज आणि त्या माणसाचं आजवरचं बोलणं ताडून पाहून यंत्र ती फट बुजवत असे. बुजवलेली जागा कानाला ओळखू येत नसे. शिरीषरावांच्या पत्नीला, वसुधाबाईंना, नागपूरहून बहिणीचा फोन येई. मधेच रेंज गेली तरी बहीण बोलतच राही. मागे एकदा वसुधाबाईंनी तिला तिचंच एक वाक्य ऐकवलं, तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, हे मी बोललेच नव्हते. पण बोलणार होते हेच.’ दोघी पोटभर हसल्या. शिरीषराव चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांना हसू आलं नाही. उदयचं पत्र त्यांच्या मनात होतं.

उदय मगदूम, शशी भोजे आणि अन्वर मुजावर हे तिघे तरुणपणी अभियांत्रिकीचे विद्यार्थी. ‘दगडफूल’ हा त्यांचा बँड. प्रोग्रेसिव्ह रॉक नावाच्या जातीचं संगीत ते मराठीत करत. एकेक गाणं कॅसेटची अख्खी बाजू खाणारं, सात मात्रांवरून अकरा मात्रांवर उडी घेणारं, गिटारच्या गदारोळातून अचानक नाट्यपदासारखी तान काढणारं. पोरं नाचायच्या इराद्याने येत आणि त्या ठेक्यावर नाचता येत नाही म्हणून निमूटपणे ऐकत बसत. ‘बुडीत क्षेत्र’ हे त्यांचं सर्वांत मोठं गाणं. धरणाखाली गेलेल्या एका गावाचं. त्यात सुरुवातीला फक्त गिटार, कीबोर्ड आणि उदयचा आवाज. मग गावात पाणी शिरतं, आणि तिथे अन्वरचे ड्रम एकटे वाजत. गाण्यात ड्रमला तेवढी एकच जागा होती. पाणी पायरी-पायरीने चढत जाई आणि एकाएकी ड्रम थांबत. मग गिटार आणि कीबोर्ड एकदम पुन्हा सुरू होत, पण आता गाव नसे.

अन्वर ऐन तारुण्यात काविळीने गेला. त्यानंतर उदय आणि शशीने मोजके कार्यक्रम केले. नवा ड्रमवाला घेतला नाही. शशी पुढे परदेशी गेला आणि तिकडेच वारला. आता विचारायला कुणी उरलं असेल, तर ते शिरीषराव. म्हणून ते पत्र.

‘मला विसर पडायला लागलाय,’ उदयने लिहिलं होतं. ‘मुलगी म्हणते, डॉक्टरही म्हणतात. सांगलीत आम्ही ‘बुडीत क्षेत्र’ दोनदा वाजवलं. दुसऱ्या वेळी अन्वर नव्हता आणि त्याची जागा आम्ही रिकामी सोडली होती, असं मला आठवतं. पण पुण्याच्या ध्वनिसंग्रहात ऐकलं तर तो वाजवतोय. मी रोज ऐकतो. आता तो मला तिथे बसलेला दिसायलाही लागलाय, आणि दिसला की बरं वाटतं. मला त्याचीच भीती वाटते. शिरीष, तू पहिल्या रांगेत होतास. तो होता की नव्हता?’

शिरीषराव पहिल्या रांगेत होतेच. शाळेत उदयच्या एक वर्ग मागे असलेला हा बुजरा मुलगा मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसे. कार्यक्रमांचं असं प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण करणारी पोरं त्या काळी गावोगावी होती. कोल्हापूरचा एक, इस्लामपूरचा एक, बेळगावचे दोघे. ती पोस्टाने एकमेकांना कॅसेटी पाठवत. त्यांचा एक रिवाज होता. टेप वाया घालवायची नाही. तारा जुळवणं, बोलणं, टाळ्या, जे संगीत नाही ते सगळं गाळायचं. अंगठा कायम पॉजच्या बटणावर. ज्याच्या कॅसेटीत रिकाम्या जागा राहत, त्याला बाकीचे नवशिका म्हणून चिडवत. शिरीषला कुणी कधी चिडवलं नव्हतं.

त्या कॅसेटी त्यांनी पुढे पुण्याच्या एका ध्वनिसंग्रहाला जपणुकीसाठी दिल्या. ‘फाटक्या जागा सांधल्या तर चालेल ना?’ असं फोनवर विचारलं गेलं. शिरीषराव ‘चालेल’ म्हणाले. ते कशालाही चालेल म्हणत. वसुधाबाई पाहुण्यांना सांगत, ‘आमच्या लग्नाच्या बोलणीत यांनी तेवढा एकच शब्द उच्चारला. मला वाटलं, पुढे वाढवतील.’

संग्रहातून ‘दगडफूल’ नव्या मुलांच्या हाती लागलं. मुलांनी त्या गाण्यांची कव्हरं केली, म्हणजे आपापल्या वाद्यांवर आणि गळ्यांत ती पुन्हा बसवली. आणि त्या सगळ्यांत एका जागेवर त्यांचा जीव जडला. सांगलीच्या मुद्रणातले अन्वरचे ड्रम. तसे ते दुसऱ्या कुठल्याच मुद्रणात नव्हते. संथ, जवळजवळ रडवेले. कुणी कव्हर केलं की ती जागा ठोक्याला ठोका लावून वाजवायची, असा दंडकच पडला.

पत्र आल्यानंतर शिरीषराव असा एक कार्यक्रम ऐकायला गेले. महापालिकेच्या बागेत, भर दुपारी. ड्रमवर एक मुलगी होती. ती जागा आली, तेव्हा समोरची गर्दी तोंडाने ठोके धरू लागली. मुलगी फार सुरेख वाजवत होती. शिरीषरावांच्या लक्षात आलं की आपलीही बोटं गुडघ्यावर चालताहेत, आणि त्या जुन्या नाट्यगृहात चौकड्यांच्या शर्टातला अन्वर आपल्याला स्पष्ट दिसतोय. ते घाबरले. गाणं संपायच्या आधीच उठून घरी आले आणि वसुधाबाईंनी विचारलं तेव्हा ऊन लागलं म्हणाले.

म्हणजे उदयला जे होत होतं, ते धडधाकट डोक्याच्या माणसालाही होत होतं. मग उत्तर कशाच्या जोरावर लिहायचं?

कॅसेट त्यांच्याकडे परत आली होती. पाठीवर त्यांच्याच अक्षरात नुसतं ‘सांगली’. दोन कार्यक्रमांपैकी कुठल्या, ते नाही. तारीख घालायचं भान त्या वयात कुणाला? माळ्यावरचा टेपरेकॉर्डर त्यांनी काढला. आतला पट्टा सैल झाला होता, तिथे वसुधाबाईंनी दुधाच्या पिशवीचं रबर लावून दिलं. आवाज जरा लहरत होता, पण तो सांधलेला नव्हता. खरखर ऐकूनच शिरीषरावांना गहिवरून आलं. गिटार, कीबोर्ड, उदयचा कोवळा गळा. पाणी वेशीपर्यंत आलं.

टक्.

आणि लगेच गिटार आणि कीबोर्ड एकदम. शेवटचा भाग.

मधे काहीही नव्हतं. ड्रम नव्हते आणि शांतताही नव्हती. त्यांनी टेप मागे नेली, पुन्हा लावली. पुन्हा टक्. या वेळी त्यांना दिसलं की त्या आवाजाच्या किंचित आधी आपला उजवा अंगठा खुर्चीच्या हातावर दाबला गेलाय. आपोआप.

ते कितीतरी वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिले. संगीत चालू असताना त्यांच्यापैकी कुणीही बटण दाबत नसे. अन्वर वाजवत असता, तर ते दाबलंच गेलं नसतं. रंगमंचावर दोन माणसं हात खाली सोडून उभी राहिली होती आणि या अंगठ्याने सवयीने ठरवलं होतं की हे संगीत नव्हे.

त्यांनी सगळा धीर एकवटून संग्रहाला फोन केला. पलीकडे ऋचा पाटणकर नावाची बाई होती. तिने आस्थेने ऐकून घेतलं. इस्लामपूरच्या, कोल्हापूरच्या त्या काळातल्या कॅसेटीतही नेमकी तीच जागा तुटलेली आहे, असं तिनेच सांगितलं. सगळ्या अंगठ्यांनी एकच काम केलं होतं. यंत्राला तुटलेलं दिसलं, आणि अन्वर असतानाच्या सर्व मुद्रणांत तिथे ड्रम होते, म्हणून त्याने अन्वरच्याच जुन्या वादनातून ते बांधले, नाट्यगृहाचा घुमाराही घातला. आणि ड्रम आहेत म्हटल्यावर कार्यक्रम पहिला, अशी नोंद झाली.

“तिथे शांतता होती,” शिरीषराव म्हणाले.

“असेल, काका. पण तुमच्या टेपवर ती नाही. टक् आवाज कशाचाही असू शकतो, सेल उतरले असतील. तुमच्याकडे दुसरं काही आहे?”

“मला आठवतंय.”

“आठवण मी कुठे जोडू?” ती खरंच अडचणीत पडली होती. “आणि आता ते काढलं, तर लोक म्हणतील, अन्वरचं शेवटचं वाजवणं आम्ही पुसलं. शेकडो मुलं त्याच्यावर शिकलीत. चालेल का तुम्हाला?”

शिरीषराव गप्प बसले. पलीकडे मात्र त्यांच्याच आवाजात कुणीतरी ‘बरं’ म्हणालं असावं, कारण ऋचाबाईंनी आभार मानून फोन ठेवला.

चार दिवस ते रोज कागद पुढ्यात घेत आणि पुन्हा खणात ठेवत. खरं म्हणजे अडचण पुराव्याची नव्हतीच, हे त्यांना कळत होतं. ‘नव्हता’ असं लिहायचं म्हणजे जयसिंगपुरातल्या एका म्हाताऱ्याकडून त्याचा मित्र पुन्हा काढून घ्यायचा. त्याला दुसऱ्यांदा काविळीने मारायचं. यंत्र निदान माणूस परत तरी देत होतं. आपण काय देणार?

वसुधाबाईंनी शेवटी विषय काढलाच. “अहो, त्यांनी बरं वाटावं म्हणून लिहिलंय का तुम्हाला? त्यासाठी यंत्र आहेच की त्यांच्याकडे.”

“माझं चुकत असलं तर?”

“तर तसंही लिहा. चुकतं तुमचंच, निदान दुसऱ्या कुणाचं नव्हे.” आणि त्या भाजी निवडायला बसल्या.

शिरीषरावांनी कागद घेतला. उदयदादांना त्यांनी आयुष्यभर ‘अहो-जाहो’च केलं होतं. त्यांनी लिहिलं, ‘अन्वर नव्हता. त्याचे ड्रम मांडलेले होते, स्टुलावर कुणी नव्हतं. मला खात्री नाही, मला कशाचीच नसते. पण मागून एक लहान पोर आईला म्हणालं, संपलं का गं? आणि कुणी हसलं नाही. शशीने डोळे मिटले होते. तुमचे ओठ हलत होते. तुम्ही अन्वरचे ठोके मोजत होता. तुम्ही दोघांनी तिथे हे वाजवलंत.’

त्याखाली त्यांनी अर्धं पान कोरं सोडलं. मग तळाशी लिहिलं, ‘आणि मग तुम्ही दोघे एकाच क्षणी सुरू झालात.’

पत्रं आता फार थोडे लोक लिहीत. कोपऱ्यावरच्या पत्रकेंद्रात कागद काचेवर ठेवला जाई, यंत्र तो वाचे आणि पत्ता असेल त्या गावी त्याच अक्षरात नवा छापून निघे. तिथल्या बाईंनी शिरीषरावांचा कागद काचेवर ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं.

“काका, मधला मजकूर उडालाय बघा तुमचा. वरचं-खालचं वाचून भरून देतंय ते. चालेल ना?”

शब्द शिरीषरावांच्या ओठावर आला होता. तो त्यांनी गिळला.

“नको,” ते म्हणाले. “ते कोरंच लिहिलंय.”

“कोरं लिहिलंय?” बाईंना मौज वाटली. “मग कागदच धाडावा लागंल. त्याची गाडी कधी येईल त्याचा नेम नाही. जयसिंगपूर तर हितंच आहे की वो. चालत गेलात तरी आधी पोचाल.”

“तिथे गेल्यावर मला बोलता यायचं नाही,” शिरीषराव म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, कागद परत दिला आणि बाहेरच्या जुन्या पेटीकडे बोट केलं.

त्यांनी पाकीट चिकटवलं. पेटीच्या फटीत ते अर्धं सरकवून शिरीषराव क्षणभर तसेच थांबले. त्यांचा अंगठा पाकिटावर दाबलेला होता. तिकडे उदय कदाचित या वेळी ऐकतच बसला असेल. पाणी वेशीशी आलं असेल, आणि अन्वर स्टुलावर बसला असेल. हे पत्र उघडून तो त्या अर्ध्या कोऱ्या पानाशी पोचेल, तेव्हा त्याचे ओठ पुन्हा मोजू लागतील, की रोजच्या सवयीने त्याला तिथेही ड्रमच ऐकू येतील?

त्यांनी अंगठा उचलला. पाकीट आत पडलं.